माझे वय अडीच कारव्या

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. चौथीत मी डॅफोडिलच्या फुलांवरची इंग्रजी कविता घडाघडा म्हणायचे. डॅफोडिल अजून पाहिलेलं नाही. आणि ठाण्यात आमच्या घरामागे जो येऊरचा डोंगर आहे, त्यावरच्या एकाही झाडाचं मराठी नाव मला येत नव्हतं. आजोबा यावर फार चिडायचे. पहिलं नाव त्यांनीच शिकवलं, ते कारवीचं. म्हणून हा लेख कारवीवर. (मराठी चुकलं तर पोटात घाला.)

कारवी तुम्ही बहुतेकांनी पाहिलेली असणार. सह्याद्रीत ट्रेकला गेलं की चढावर दोन्ही बाजूंनी ज्या काठ्या अंगावर येतात आणि पाय घसरला की आपण ज्यांना धरतो, तीच ही. पावसाळ्यात मोठ्या खरखरीत पानांचं, माणसाहून उंच रान. पुढे पानं गळतात आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. याच काठ्यांचे कूड करून, वर शेणमाती लिंपून झोपड्यांच्या भिंती उभ्या करतात. म्हणजे रीइन्फोर्समेंटच की! सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी. उभ्या उतारावरची माती धरून ठेवायचं कामही तिची मुळं करतात.

पण खरी गंमत फुलांची. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती वाढते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा उतार एकदम जांभळा होतो. फुलं येतात, फळं धरतात आणि झाड मरतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (येऊर त्यातच येतं) ती २००८ साली फुलली, मग २०१६ साली, मग २०२४ साली.

सगळ्या झाडांनी एकाच वर्षी का फुलायचं? बिया खाणारे खूप असतात, उंदीर, किडे वगैरे. दरवर्षी थोड्या थोड्या बिया आल्या तर सगळ्या फस्त होतील. पण कित्येक वर्षं काहीच नाही आणि मग एकदम डोंगरभर बिया, म्हटल्यावर खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतात. आपल्या मेसमध्ये रोज चार गुलाबजाम ठेवले तर पहिल्या पंगतीतच संपतील, पण फीस्टला पातेलं भरून केले तर उरतात. तसंच.

२००८ ला मी तीन वर्षांचीही नव्हते. आजोबांच्या खांद्यावर बसलेली, मागे जांभळा डोंगर, असा एक फोटो आहे, बाकी काही आठवत नाही. २०१६ ला सहावीत होते. तेव्हाच्या मधमाश्या आठवतात. झाडी नुसती घुमत होती. कारवीचा मध का मिळतो ते मला तिथे कळलं. उतरताना आजोबा धापा टाकत म्हणाले, "पुढच्या वेळी तू मला आणायचंस."

२०२४ च्या सप्टेंबरात त्यांचा हॉस्टेलवर फोन. "फुललीय गं." माझं सेकंड इयर. आधी सबमिशन, मग टेस्ट, मग "आजोबा, पुढच्या रविवारी नक्की". दिवाळीला घरी गेले तेव्हा उतार तपकिरी झाला होता. ते दुसऱ्या कुणाबरोबर गेलेच नव्हते. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं. पुढची कारवी २०३२ ला, तेव्हा त्यांना पंच्याऐंशी पूर्ण होतील. परतताना ट्रेनमध्ये हा हिशोब मी तीनदा केला.

मग वाचायला लागले, तेव्हा कळलं की कारवीचा कार्यक्रम फुलांवर संपत नाही. वाळलेली फळं मेलेल्या काठीवरच पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतात. पहिला पाऊस पडला की फळाची साल पाणी पिते, पण तिचे थर सारखे फुगत नाहीत. इस्त्रीतली बायमेटॅलिक पट्टी तापली की वाकते ना, तसा ताण साठत जातो आणि फळ शिवणीवर तडकतं. बियांखाली आकड्यासारखे देठ असतात, ते बिया लांब भिरकावतात. स्ट्रेन एनर्जीचं इतकं चांगलं उदाहरण आमच्या नोट्समध्ये नाही.

२०२५ ला पाऊस मे अखेरीसच आला. आजोबांना रिक्षात घातलं, येऊरच्या रस्त्यावर एका उताराशी थांबवलं आणि रिक्षावाल्या काकांना इंजिन बंद करायला सांगितलं. ते आमच्याकडे वेड्यासारखे बघत होते. आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. आणि मग टक्, तड्, टक्, सगळीकडून. वीस मिनिटं आम्ही तिघंही गप्प.

"ही तुमची पिढी," शेवटी आजोबा म्हणाले. "जन्मायच्या आधीपासून आवाज."

आपल्या हॉस्टेलमागच्या टेकडीवरही कारवी आहे. सगळ्या डोंगरांचं वर्ष एकच नसतं. मेसचे काका सांगतात, इथली कोरोनाच्या साली, २०२० ला फुलली होती. हॉस्टेल रिकामं होतं, बघायला कोणी नव्हतं. होळीला आपण तिथून ज्या "वाळक्या" काठ्या तोडून आणतो, त्या बहुतेक वर्षी जिवंतच असतात, फक्त पानं गळलेली असतात. आणि फुलोऱ्यानंतरच्या होळीला त्यांच्यावर पुढच्या सगळ्या झाडांचं बी असतं, कारण ते जूनपर्यंत पडलेलंच नसतं. बॉइज हॉस्टेलने लाकडं दुसरीकडून आणावीत.

हिशोबाने इथला फुलोरा २०२७ किंवा २०२८ ला. मी तोवर पास आउट (झाले तर!). आत्ताची फर्स्ट इयरची मुलं मात्र इथेच असतील. त्यांनी सप्टेंबरात टेकडीकडे लक्ष ठेवा आणि मला लगेच फोन करा. रिक्षा पायथ्याच्या टाकीपर्यंत जाते, मी बघून ठेवलंय.