गोळी चालू आहे, पण मनाचे काय?



बांधावरून पाहिले तर उसाचा फड हिरवागार दिसतो. पण खोडकीड आत शिरलेली असली की पोंगा ओढताच हातात येतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या पुष्कळ माणसांचे आज असेच झाले आहे. औषधामुळे अंगाने ती धडधाकट असतात, शेतात राबतात, मुलांची लग्ने लावतात. आतून मात्र मन पोखरलेले असते, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

भारतात ही लागण प्रथम १९८६ साली आढळली. त्यानंतर कित्येक वर्षे या रोगाचे नाव म्हणजे मरणाची चिठ्ठीच होती. एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ए.आर.टी. औषधे मोफत मिळू लागली आणि चित्र पालटले. २०१७ पासून तर लागण आढळली की लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली तर रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. आज देशात सुमारे २५ लाख लोक या लागणीसह जगत आहेत. त्यांतले सुमारे ४ लाख आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

मग मन का खचते? त्यासाठी घाट उतरून पेण-रोह्याकडे पाहू. आपल्या भागातल्या मालाच्या गाड्या खोपोलीवरून पेणला उतरतात, तेव्हा ही गावे आपल्याला परकी नाहीत. तिकडे भातशेती, मिठागरे, पेणचे गणपतीचे कारखाने, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. अशा तालुक्याच्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. एरवी हा मोठा आधार, पण या आजारात त्याचीच भीती वाटते. रुग्णालयात ओळीत उभे असताना शेजारचा दिसला तर? एस.टी.त कोणी विचारले, "काय हो, अलिबागला वरचेवर कशाला?" तर काय सांगायचे? जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीचे काम निघाले म्हणावे, तर ते तरी किती महिने सांगणार? गोळ्यांची डबी लपवायची, सोयरिकीच्या बोलण्यात गप्प बसायचे, नवऱ्याच्या मागे सासरी राहिलेल्या बाईने तर माहेरीही तोंड उघडायचे नाही. घाटावर काय किंवा कोकणात काय, हे ओझे सारखेच आहे.

हे ओझे वाहून माणूस थकतो. झोप उडते, भूक जाते, कामात जीव रमत नाही, दारू वाढते, "आता जगून काय करायचंय" असे शब्द तोंडी येतात. दोन आठवड्यांहून अधिक असे चालले तर तो नुसता स्वभाव समजू नये. उदासीनता हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पूर्वी दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झ या औषधाने काहींना वाईट स्वप्ने पडत, मन उदास होई. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी देतात. तरीही गोळीनंतर झोपेत किंवा मनःस्थितीत फरक पडला तर ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

मन खचले की गोळी चुकते, हा सर्वांत मोठा धोका. पाण्याची पाळी चुकली तर ऊस एखादवेळ तग धरतो. इथे पाळ्या चुकत गेल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. तेव्हा मन सांभाळणे हा औषधाचाच भाग समजला पाहिजे.

आपल्याला करता येण्यासारख्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

१. एका ताटात जेवल्याने, एका नळाचे पाणी प्यायल्याने, खांद्याला खांदा लावून काम केल्याने ही लागण होत नाही. तेव्हा पंगत वेगळी करू नका.

२. कोणी विश्वासाने सांगितले तर ते आपल्यापाशीच ठेवा. "त्याला झालंय म्हणे" या तीन शब्दांनी एखाद्याचे गाव सुटते.

३. हा रोग तोडणी टोळीचाच, असे कोणी म्हणू नये. तो बागायतदाराच्या वाड्यातही असतो. मात्र टोळीला पाच-सहा महिने घर सोडावे लागते. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, किंवा जवळच्या केंद्रावर नाव बदलून घेता येते. मुकादमाने त्या दिवसाची सुट्टी द्यावी, कारण विचारू नये.

४. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. एच.आय.व्ही.विषयी माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर त्याला एकटे सोडू नका.

शेवटी कायद्याविषयी. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागणीच्या कारणावरून नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे, आणि विश्वासाने मिळालेली माहिती संमतीवाचून फोडण्यासही मनाई केली आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. साखर कारखाना त्यात येतोच. म्हणून वार्षिक सभेत ताळेबंद व उसाचा दर यांवर बोलताना, हा अधिकारी कोण आणि त्याचे नाव फलकावर लागले आहे काय, हेही सभासदांनी अवश्य विचारावे.

सहकार म्हणजे एकट्याला न पेलणारे ओझे सर्वांनी मिळून उचलणे. तोच न्याय आपल्या शेजाऱ्याच्या मनालाही लागू करावा, ही नम्र विनंती.