हळू फिरायला शिकलेलं इंजिन

फॉर्म्युला वनच्या गॅरेजमध्ये सकाळी गाडी सुरू करताना कुणी चावी फिरवत नाही. आधी इंजिनाला नळ्या जोडतात आणि बाहेर तापवलेलं पाणी आणि तेल त्याच्या आतून खेळवत ठेवतात. इंजिन पुरेसं गरम झालं की एक मेकॅनिक मागे वाकून लांब दांड्याचा स्टार्टर गाडीच्या शेपटीत घालतो. लॅपटॉपसमोरचा इंजिनिअर खूण करतो आणि मगच कानठळ्या बसवणारा तो आवाज फुटतो.

एवढे लाड करावे लागतात, कारण या इंजिनाचे भाग एकमेकांत बसवलेले असतात ते गरम असतानाच्या मापाने. धातू तापला की प्रसरण पावतो. बेअरिंग आणि शाफ्ट, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट तापल्यावर बरोबर जमेल अशीच ठेवलेली असते. गारठलेलं इंजिन तसंच फिरवलं, तर शर्यतीआधीच त्याचं काम निघायचं.

हेच इंजिन रोजच्या रस्त्यावर आणायचं, असं मर्सिडीज-एएमजीने ठरवलं. २०१७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्यांनी ‘प्रोजेक्ट वन’ लोकांसमोर ठेवली. फॉर्म्युला वनमधलं १.६ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन, नंबरप्लेट लावलेल्या गाडीत! गाड्या काढायच्या होत्या फक्त २७५. पण पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडायला २०२३चा जानेवारी उजाडला. मधल्या वर्षांत कंपनीचा खरा कस लागला तो गाडी जोरात पळवण्यात नाही, तर इंजिन हळू आणि स्वच्छ फिरवण्यात.

सिग्नलला उभी असलेली आपली साधी गाडी मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर गुरगुरत असते. शर्यतीचं इंजिन चार-पाच हजारांच्या खाली आलं की अडखळायला लागतं. त्याच्या हवेच्या वाटा रुंद असतात, कारण वेगात असताना त्याला भरपूर हवा ओढायची असते. फेरे कमी झाले की त्याच वाटांतून हवा रेंगाळत येते आणि पेट्रोल तिच्यात नीट मिसळत नाही. आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे असतात. जोरात फिरताना त्याचा फायदा होतो, हळू फिरताना मात्र जळलेला वायू उलटा आत शिरतो. त्यात फ्लायव्हील इतकं हलकं, की एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत इंजिनाला ओढून नेणारा जडपणाच नाही. एक ठिणगी वाया गेली की इंजिन बंद.

उभ्या गाडीत इंजिनाचं हे हळू फिरणं, म्हणजे आयडलिंग, १,२०० फेऱ्यांच्या आसपास आणायचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधली ठिणगी, पेट्रोल आणि हवा यांचा हिशेब नव्याने मांडायचा. शिवाय अर्धवट जळालेलं पेट्रोल धुरातून बाहेर गेलं, तर प्रदूषणाच्या चाचणीत गाडी नापास. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतः तापल्याशिवाय काम करत नाही, आणि इंजिनाचा धूर सगळ्यात वाईट असतो तो सुरू होताना.

एएमजी वनने, म्हणजे रस्त्यावर आलेल्या ‘प्रोजेक्ट वन’ने, यावर काढलेला तोडगा गाडी सुरू करतानाच कळतो. बटण दाबलं की काहीच ऐकू येत नाही. पुढच्या चाकांच्या दोन विजेच्या मोटरी गाडी अलगद पुढे नेतात. तेवढ्या वेळात चार धातूचे कन्व्हर्टर तापत असतात. ते तयार झाले की मगच पाठीमागे व्ही-६ जागं होतं. गॅरेजमध्ये नळ्या जोडून माणसं इंजिनाची तयारी करतात, इथे बॅटरी धुराच्या वाटेची करते.

वरच्या टोकालाही मुरड घालावी लागली. इंजिनाची कमाल ११,००० फेऱ्यांवर थांबवली, कारण त्याला शर्यतीचं खास इंधन नव्हे, पंपावरचं पेट्रोल प्यायचं होतं आणि जास्त दिवस जगायचं होतं. २०१८च्या फॉर्म्युला वनमध्ये २१ शर्यतींच्या मोसमाला प्रत्येक ड्रायव्हरमागे तीन इंजिनं मिळत. म्हणजे एका इंजिनाने साधारण सात शर्यती काढायच्या. एएमजी वनच्या इंजिनाचं काम ५०,००० किलोमीटरला काढायचं, असं कंपनीने जाहीर केलं होतं. आपल्याकडची टॅक्सी एवढं अंतर वर्ष-दीड वर्षात तोडते. पण फॉर्म्युला वनची एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते, हे लक्षात घेतलं की ही झेप केवढी ते कळतं.

फेरारीने याआधी वेगळी वाट धरली होती. १९९५च्या एफ-५० मधलं व्ही-१२ इंजिन त्यांच्या १९९०च्या फॉर्म्युला वन गाडीतल्या ३.५ लिटर इंजिनाच्या घराण्यातलं. ते वाढवून ४.७ लिटरचं केलं आणि ८,५०० फेऱ्यांना ५२० अश्वशक्ती घेतली. आकार मोठा झाला की कमी फेऱ्यांतही जोर मिळतो आणि इंजिनाला किंचाळत राहावं लागत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी शर्यतीतली तशीच ठेवली. इंजिन रबराच्या पॅडवर न ठेवता थेट गाडीच्या सांगाड्यालाच बोल्टने आवळलं. त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी बारा सिलिंडरांची थरथर सीटमधून पाठीच्या कण्यात उतरते. अशा ३४९ गाड्या निघाल्या.

पोर्शच्या करेरा जीटीचं व्ही-१० इंजिन ल माँच्या शर्यतीसाठी आखलं होतं. तो बेत बारगळला आणि इंजिन रस्त्यावर आलं: ५.७ लिटर, ८,००० फेऱ्यांना ६१२ अश्वशक्ती. तिची परीक्षा पहिला गिअर टाकतानाच होते. सिरॅमिकच्या क्लचचा व्यास अवघा १६९ मिलिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढा. सवयीने अॅक्सिलरेटर देत क्लच सोडणाऱ्याची गाडी भर चौकात बंद पडते. जमलेले लोक अॅक्सिलरेटरवर पायच ठेवत नाहीत. ते क्लच सावकाश वर येऊ देतात, आणि लागेल तेवढं पेट्रोल इंजिनाचा संगणक स्वतःच देतो.

पुन्हा एएमजी वनकडे येऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये रेसिंग ड्रायव्हर मारो एंगलने ती न्यूरबुर्गरिंगच्या लांबलचक ट्रॅकवर ६ मिनिटं ३५.१८३ सेकंदांत फिरवली. अशा फेरीसाठी गाडीत वेगळी सेटिंग्ज आहेत. ती लावली की गाडी पुढून ३७ आणि मागून ३० मिलिमीटर खाली बसते. ही सेटिंग्ज फक्त ट्रॅकसाठी. घरी जाताना गाडी पुन्हा उंच करायची, आणि वाटलं तर नुसत्या विजेवरही चालवायची. एका चार्जिंगवर ती १८.१ किलोमीटर जाते, इंजिन सुरूही न करता.