ग्रंथालयांतील शास्त्रीय ग्रंथांची मांडणी

विजेवरील पुस्तक शोधणारा विद्यार्थी पुष्कळदां एकच कपाट पाहतो व हवें तें न मिळाल्यास रिकाम्या हातानें परततो. पुस्तक मात्र त्याच दालनांत दुसऱ्या कपाटांत असतें! असें कां होतें, हें पाहण्यासाठीं शास्त्रीय ग्रंथ कोणत्या तत्त्वावर लावितात, याचा आपण थोडा विचार करूं.

अमेरिकेंतील मेल्विल ड्यूई यांनीं १८७६ सालीं आपली दशांश पद्धति प्रसिद्ध केली. तींत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग असून प्रत्येकाचे पुन्हां दहा भाग पाडिले आहेत. सृष्टिशास्त्रांचा वर्ग ५०० हा होय. त्यांत गणितास ५१०, खगोलास ५२०, पदार्थविज्ञानास ५३०, रसायनास ५४०, भूगर्भशास्त्रास ५५०, वनस्पतींस ५८० व प्राण्यांस ५९० असे आंकडे दिले आहेत. शास्त्राचा व्यवहारांत उपयोग करणाऱ्या विद्या मात्र निराळ्या, म्हणजे ६०० या वर्गांत येतात. वैद्यक ६१० मध्यें व शेती ६३० मध्यें सांपडते.

म्हणून विजेचे गुणधर्म सांगणारें पुस्तक ५३७ या आंकड्याखालीं, तर विजेच्या यंत्रांचें पुस्तक ६२१.३ खालीं ठेवितात. कापसाचेंही तसेंच. त्याच्या झाडाची रचना वनस्पतिशास्त्रांत, लागवड ६३३.५१ खालीं आणि त्याचें सूत व कापड ६७७.२१ खालीं. वस्तु एकच, परंतु तिच्याविषयीं विचारलेले प्रश्न तीन, म्हणून जागाही तीन.

ज्ञान वाढतें, तसे हे आंकडेही अपुरे पडतात. १८७६ सालीं संगणकशास्त्र नव्हतें. पुढें त्यास ००४ पासूनचे आंकडे द्यावे लागले. ही अडचण ओळखून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, पूर्वीचे गणिताचे अध्यापक, शि. रा. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं द्विबिंदु पद्धति प्रसिद्ध केली. तींत विषयास तयार आंकडा न देतां त्याचीं अंगें निरनिराळीं करून तीं चिन्हांनीं जोडितात. त्यामुळें नव्या विषयासही जागा करितां येते.

परंतु पद्धति कोणतीही असो, एक प्रत एकाच जागीं राहूं शकते. यासाठींच ग्रंथसूची असते. आम्ही विद्यार्थ्यांस एवढेंच सुचवितों कीं, कपाटाकडे जाण्यापूर्वीं आपणांस त्या वस्तूविषयीं नेमकें काय जाणावयाचें आहे, हें ठरवावें व मग सूची पाहावी. प्रश्न स्पष्ट झाला म्हणजे पुस्तकाची वाट अर्धी चालून झाली.