रिम जुनीच, टायर मोठा: काय खरं, काय ऐकीव

बडोद्याला टायरचं अप्रूप नाही. वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, हालोलला सिएटचा. तरीही मकरपुऱ्यापासून छाणीपर्यंत कुठल्याही टायरच्या दुकानात पिकअपवाल्यांचा एक प्रश्न हमखास कानावर पडतो: रिम कंपनीचीच ठेवायची आहे, टायर एक माप मोठा बसेल का? उत्तरही ठरलेलं, ‘बेसी जशे, साहेब.’ ते खोटं नसतं. मशीनवर टायर चढतो, हवा भरली की ‘टप्’ आवाज करून काठाला बसतोही. पण रिमवर बसला म्हणजे गाडीला चालला, असं मात्र होत नाही.

टायरवरचे आकडे बघू. 245/70 आर 16 म्हणजे रुंदी 245 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के आणि रिमचा व्यास 16 इंच. दुकानात सगळं लक्ष या 16 वर असतं. रिमची रुंदी कुणी विचारत नाही. ती रिमवरच कोरलेली असते, उदाहरणार्थ 7जे, म्हणजे सात इंच. प्रत्येक टायरला रुंदीची ठरलेली मर्यादा असते: 245/70 आर 16 ला साडेसहा ते आठ इंच रुंद रिम चालते, 265/70 आर 16 ला सात ते नऊ. म्हणजे सात इंची रिमवर 265 बसतो, पण अगदी शेवटच्या पायरीवर. हौसेने 285/75 आर 16 घेतला तर त्याला किमान साडेसात इंच लागतात. तिथे दुकानदार काहीही म्हणो, नाद सोडावा.

शेवटच्या पायरीवर काय होतं? पोट सुटलेल्या माणसाने पट्टा आवळावा तसा टायर तळाशी आवळला जातो. मधला भाग फुगतो, रस्त्याला तोच टेकतो आणि आधी झिजतो. भिंती जास्त हलतात, त्यामुळे वळणावर गाडी उशिरा ऐकते. शिवाय रिम एक इंच अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण 10 मिमीने आक्रसते. 265 ची रुंदी आठ इंची रिमवर मोजलेली असते. सात इंची रिमवर जी जादा रुंदी मिळेल म्हणून पैसे मोजले, तिचा बराचसा भाग हातीच लागत नाही.

उंचीचा गैरसमज याहून पक्का आहे. 245/70 आर 16 चा व्यास सुमारे 749 मिमी, 265/70 चा 777. फरक 28 मिमी, म्हणून ‘गाडी इंचभर उचलली’. पण आस चाकाच्या मधोमध असतो. गाडी उचलली जाते ती निम्म्याने, 14 मिमी. बोटाच्या जाडीएवढी.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हापासून बडोद्यात उंच गाडीबद्दल जरा जास्तच बोललं जातं. पण पाण्यात गाडी अडकते ती इंजिनाच्या हवा ओढण्याच्या तोंडाशी पाणी पोचल्यावर, किंवा प्रवाहाने चाकांची पकड सुटल्यावर. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकतं, आणि मोठा टायर आत जास्त हवा धरत असल्याने तरंगायला मदतच करतो. 14 मिमीच्या जोरावर पुराच्या पाण्यात गाडी घालणाऱ्याला विश्वामित्रीतल्या मगरींची आठवण करून द्यावीशी वाटते.

चिखलाचंही तसंच. ‘रुंद टायर रुतत नाही’ हे वाळूत बऱ्याच अंशी खरं आहे. बडोदा-भरूच पट्ट्यातली काळी माती मात्र वेगळी. ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे खाचा किती खोल आणि मोकळ्या आहेत, हवा किती ठेवली आहे, हे रुंदीपेक्षा महत्त्वाचं. मूळ मापातच चांगल्या खाचांचा टायर घेणं हा माझ्या मते बहुतेकांचा योग्य खर्च आहे.

जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत माल वाहणाऱ्यांचा समज सगळ्यात धोकादायक: मोठा टायर, जास्त माल. गाडीची वजनक्षमता कंपनी आस, पाटे, ब्रेक आणि चासी धरून ठरवते; टायर बदलून ती किलोभरही वाढत नाही. उलट ती घटू शकते. मापाच्या पुढे भारांक लिहिलेला असतो: 111 म्हणजे एका टायरला 1090 किलो, 107 म्हणजे 975. दिसायला दणकट पण 107 चा टायर 111 च्या जागी चढवला, तर चार चाकांवर मिळून 460 किलोंची क्षमता गेली. हवेचंही तेच. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, भरायचा नव्हे. भरायचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पण तो मूळ टायरसाठी. प्रकार बदलला, विशेषतः साध्या टायरऐवजी एलटी (लाइट ट्रक) टायर लावला, तर तेवढ्याच वजनाला जास्त हवा लागू शकते.

‘मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज पडतं’ हे अर्धं खरं. टायर जड असतो, त्याला फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो, त्यामुळे गाडी वेग हळू घेते आणि ब्रेकवर ताण येतो. पण थोडी घट निव्वळ हिशेबाची असते. चाक एका फेऱ्यात 3.7 टक्के जास्त अंतर कापतं, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतं. खरं अ‍ॅव्हरेज 10 असेल तर हिशेबात 9.6 येतं. वेगाचंही असंच. मीटरवर 80 दिसतात तेव्हा आधीच्या हिशेबाने वेग 83 असतो. कंपन्या मीटर मुळात थोडं पुढे ठेवतात, ती सवलत इथे खर्ची पडते. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं दुकानात सांगतात. तो धंद्यातला अंदाज आहे, कायद्याचं कलम नव्हे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. मालवाहू पिकअपच्या नोंदणीत टायरचं मापही येतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्धच्या बदलांना मनाई केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, ते निराळंच.

एवढं होऊनही मोठा टायर घ्यायचाच असेल, तर रिकाम्या गाडीवर दुकानासमोर चक्कर मारून समाधान मानू नये. टायर घासतो तो स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, मागे माल भरलेला आणि चाक खड्ड्यात, अशा वेळी. तेच एकदा करून बघावं. घासत असेल तर स्पेसर लावून चाक बाहेर काढण्याचा सल्ला मिळेल. त्याने हबच्या बेअरिंगवर भार वाढतो.

आणि चार टायर घेऊन स्टेपनी जुनीच ठेवू नये. फोर बाय फोर गुंतवलेल्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं असेल तर पक्क्या रस्त्यावर पुढचे-मागचे आस एकमेकांशी झगडतात आणि गिअरपेटीवर ताण येतो. पाचवा टायर घेताना तो मागच्या हौद्याखालच्या जागेत मावतो का, हेही आधीच मोजून घ्यावं.