ऐकण्यातले सुख आणि विचारण्यातले शहाणपण

मे महिना लागला की नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, वसंत व्याख्यानमालेचे वेध लागतात. शंभर वर्षे पार केलेली ही ज्ञानपरंपरा आजही संध्याकाळी, उघड्या आकाशाखाली आणि विनामूल्य चालते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर त्याहून जुनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ती १८७५ मध्ये सुरू झाली. राजकारण, साहित्य आणि अर्थकारण हे अशा मालांचे नेहमीचे विषय. अलीकडे मन, ताणतणाव, नातेसंबंध आणि आनंद या विषयांनाही मोठी गर्दी होते. मग विज्ञानाच्या अंगाने एक प्रश्न विचारायला हवा. आनंदावरचे व्याख्यान ऐकून माणूस खरोखर आनंदी होतो का? उपलब्ध पुरावा पाहिला तर उत्तर होकारार्थी येते, मात्र त्याचे कारण आपण समजतो ते नाही. वक्त्याच्या उपदेशाने जेवढे साधते, त्याहून अधिक चार माणसांत बसून लक्षपूर्वक ऐकण्याने साधते. आणि या एकत्र बसण्यातच एक धोकाही आहे, म्हणून व्याख्यानाला प्रश्नोत्तरांची जोड हवीच.

आधी उपदेशाचे पाहू. पटांगणाला ज्यांचे नाव आहे ते देवमामलेदार यशवंतराव महाराज एकोणिसाव्या शतकात सटाण्याला मामलेदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला, ही त्यांची ख्याती नाशिक जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. देण्यात सुख असते हे या पटांगणातल्या श्रोत्याला नव्याने सांगावे लागत नाही. विज्ञानानेही त्याला दुजोरा दिला आहे. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना पाच किंवा वीस डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. ज्यांना ते दुसऱ्यासाठी खर्च करायचे होते ते दिवसाअखेरीस अधिक आनंदी होते, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. तरीही हे ऐकून घरी गेलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी दानशूर होत नाही. येल विद्यापीठात २०१८ मध्ये लॉरी सँटोस यांच्या सुखावरच्या अभ्यासक्रमाला सुमारे बाराशे विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. नुसते कळून भागत नाही, रोजची सवय लावून घ्यावी लागते, हाच तिथे त्यांचा आग्रह होता. म्हणजे तासाभराच्या भाषणातून माहिती मिळते; वागणे बदलायला त्याहून बरेच काही लागते.

मग श्रोत्याच्या पदरात पडते काय? ज्युलियन होल्ट-लन्स्टड यांच्या गटाने २०१० मध्ये १४८ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्या विषयाच्या आणखी जवळ जाणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० जणांचा चौदा वर्षे मागोवा घेतला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा नाटक, संगीत मैफल किंवा संग्रहालयात जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी होता. इथे एक आक्षेप रास्त आहे. ज्यांची तब्येत बरी, हाती पैसा आणि शिक्षण आहे तेच घराबाहेर पडतात; मग आयुष्य वाढवले कार्यक्रमांनी की आधीच्या सुस्थितीने? संशोधकांनी आरोग्य, आर्थिक स्थिती आणि शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढला. त्यामुळे संबंध काही प्रमाणात क्षीण झाला, पण नाहीसा झाला नाही. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास कारण सिद्ध करू शकत नाही, आणि या अभ्यासात व्याख्याने मोजलेलीही नव्हती. तेव्हा व्याख्यानाला गेल्याने आयुष्य वाढते असे म्हणणे चूक ठरेल. एवढे मात्र नक्की म्हणता येते की, माणसांत जाऊन काही पाहण्या-ऐकण्याची सवय चांगल्या आरोग्याच्या सोबतीने आढळते.

दुसरा आक्षेप आजचा आहे. तेच भाषण मोबाइलवर ऐकता येत असताना उन्हाळ्यात घाटापर्यंत जायचे कशाला? या आक्षेपाला आधार देणारे संशोधनही आहे. २०२१ मध्ये ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना वेगवेगळे बसवून एकच गोष्ट ऐकवली, तरी त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती एकाच वेळी कमी-जास्त होत गेली. म्हणजे त्यासाठी शेजारी कोणी असण्याची गरज नव्हती. पण त्याच प्रयोगात श्रोत्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले, तेव्हा हा मेळ विस्कटला. घरी फोन वाजतो, दार वाजते, बोट पुढच्या चित्रफितीकडे जाते. पटांगणात बसलेला माणूस निदान तासभर तरी एका जागी आणि एका विषयात असतो. शिवाय एरिका बूथबी यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता एकाच वेळी चॉकलेट खाल्ले तर चांगले चॉकलेट अधिक चांगले लागते आणि कडू चॉकलेट अधिक वाईट. त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांचे शिकागोच्या रेल्वे प्रवाशांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. ज्यांनी प्रत्यक्ष बोलून पाहिले त्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. व्याख्यान सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या गप्पा म्हणूनच वाया गेलेला वेळ नव्हेत. जे खेडोपाडी आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्यासाठी चित्रफीत हे वरदानच आहे. ज्याला जाणे शक्य आहे त्याने मात्र तिला पर्याय मानू नये.

धोका या सोबतीच्याच पोटात आहे. सोबतीने गोड अधिक गोड लागत असेल, तर पोकळ भाषणही गर्दीत अधिक भारदस्त वाटू शकते. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ असे नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यासमोर उभे केले गेले. विषय होता गणिती खेळ-सिद्धान्ताचा वैद्यकीय शिक्षणातला वापर. नटाला विषयातले काही ठाऊक नव्हते. भाषण विसंगतींनी आणि निरर्थक शब्दांनी मुद्दाम भरले होते. बोलण्याची ढब मात्र आत्मविश्वासाची आणि खुमासदार होती. तज्ज्ञ श्रोत्यांनी त्या भाषणाला पसंतीचे शेरे दिले. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांची ही गत, तर आनंदावर बोलणाऱ्या रसाळ वक्त्यापुढे तुमचे-आमचे काय होईल, याचा विचार प्रत्येक आयोजकाने करावा.

त्यातून आनंदाचे विज्ञान अजून घडते आहे. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडले की, अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर मिळकतीनंतर रोजच्या भावनांमधला आनंद वाढत नाही. हा आकडा जगभरच्या व्यासपीठांवर गाजला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना अशी मर्यादा आढळलीच नाही. मग कानमन आणि किलिंग्सवर्थ या दोघांनी बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र काम केले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष दिला की, बहुतेकांचा आनंद मिळकतीसोबत वाढत राहतो. सर्वांत दुःखी गटात मात्र ही वाढ एका टप्प्यानंतर थांबते. नोबेल विजेत्या कानमन यांनी आपल्याच निष्कर्षाची फेरतपासणी केली, ही विज्ञानाची खरी रीत. जुना आकडा आजही कोणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर समोरून एकाने तरी विचारायला हवे की हे कधीचे संशोधन, किती माणसांवरचे, आणि नंतर त्याचे काय झाले?

प्रश्नोत्तरे ठेवली की लोक प्रश्नाऐवजी स्वतःचेच भाषण करतात, अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. पण उपाय सोपा आहे. प्रश्न चिठ्ठीवर लेखी घ्यावेत, त्यातले निवडक वाचावेत आणि त्यासाठी निदान वीस मिनिटे राखून ठेवावीत. परिचय, सत्कार आणि आभार यांतून तेवढा वेळ सहज निघेल. नाशिकने २०२१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, तेव्हा अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. ज्या शहरातल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान शास्त्रज्ञाला मिळाला, त्या शहराला ही शिस्त जड जाऊ नये. वाचकांना विनंती एवढीच की, येत्या मे महिन्यात व्याख्यानाला जा, शेजारच्या अनोळखी माणसाशी दोन शब्द बोला आणि वक्त्याला निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका.