अर्धं दुपारी, अर्धं जाळावर

नातवंडं हात धरून चायनीजला घेऊन जातात. पुढ्यात मेनूकार्ड येतं आणि त्यावर हक्का, शेजवान, सिंगापुरी, हाँगकाँग, मंचुरियन असा भूगोलाचा तास सुरू होतो. शेवटी आपण कार्ड मिटून म्हणतो, "तुम्हीच काय ते मागवा रे." एवढ्या लवकर हार मानायचं कारण नाही. नारायणगावसारख्या बाजाराच्या गावात संध्याकाळी पेटणाऱ्या चायनीजच्या भट्टीचं काम कसं चालतं, ते एकदा समजून घेतलं की काय मागवावं, किती मागवावं आणि कुठून न खाता उठावं, हे आपलं आपल्यालाच कळतं.

त्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. इथला जवळजवळ प्रत्येक पदार्थ दोन वेळा शिजतो. अर्धं काम दुपारीच उरकलेलं असतं. उरलेलं अर्धं आपल्यासमोर, मोठ्या जाळावर, तीन-चार मिनिटांत होतं. चव बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यात येते आणि घोटाळा बहुतेक पहिल्या अर्ध्यात झालेला असतो.

नावं समजून घेऊ

हे जेवण चीनमधून थेट आलेलं नाही, ते आलं कोलकात्याहून. तिथे स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांमध्ये हक्का समाजाचे लोक पुष्कळ होते. हक्का नूडल्समधला 'हक्का' तो हाच.

मंचुरियन तर आपल्या मुंबईचं. कोलकात्याहून मुंबईला आलेले नेल्सन वँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे वाटण आपलंच. फक्त गरम मसाल्याच्या जागी त्यांनी सोया सॉस घातला आणि रस्सा कॉर्नफ्लॉवरनं, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठानं, दाट केला. ईशान्य चीनमधल्या मांचुरियाशी या पदार्थाचं नातं नावापुरतंच.

शेजवान हा सिचुआन या चिनी प्रांताच्या नावाचा आपल्याकडचा उच्चार. तिथल्या तिखटात जिभेला मुंग्या आणणारं एक मिरं असतं. आपल्या कोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात, ती त्याच कुळातली. गाडीवरच्या शेजवान चटणीत मात्र ते नसतं. तिच्यात भिजवून वाटलेली लाल मिरची, भरपूर लसूण, तेल आणि व्हिनेगर, म्हणजे स्वयंपाकाचा सिरका, एवढंच असतं. ठेचा खाणाऱ्याला ती परकी वाटत नाही, ती यामुळेच.

बसण्याआधी दोन मिनिटं उभं राहा

खुर्ची ओढण्याआधी भट्टीकडे एक नजर टाकावी. बहुतेक ठिकाणी ती दर्शनी भागातच असते, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही.

पहिलं तेल बघावं. तळणीचं तेल चहासारखं काळपट झालं असेल, त्यावर फेस धरत असेल आणि जवळ गेल्यावर घसा खवखवत असेल, तर ते बरेच दिवस तेच चाललंय असं समजावं. नुसत्या या एका खुणेवरूनही परत फिरायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे परवाना. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक दिसेल असा लावलेला असायला हवा. तो आहे म्हणून चवीची हमी मिळत नाही, पण नसेल तर विचारायला काहीच हरकत नाही.

तिसरी गर्दी. नारायणगावात ती सांगून येते. टोमॅटोच्या हंगामात वीस-वीस किलोचे क्रेट उतरवून, पट्टी घेऊन लोक बाजारातून बाहेर पडतात. पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात. गर्दी असली की माल उरत नाही, ताजा लागतो. पण त्याच गर्दीत आचारी एका कढईत पाच प्लेटा उरकायला बघतो. त्यानं काय बिघडतं ते पुढे येईलच.

दुपारचं अर्धं

भात दुपारी शिजतो, तोही पूर्ण नाही. दाणा बोटानं दाबला तर आत कणभर कच्चा राहील इतपतच. मग तो परातीत पसरून गार करतात, कारण गरम भात कढईत परतला की त्याचा गोळा होतो. आपल्याकडचा इंद्रायणी किंवा आंबेमोहर इथे चालत नाही. खिचडीला जो चिकटपणा हवासा वाटतो, तोच फ्राइड राईसची वाट लावतो. म्हणून लांब दाण्याचा, सुटा होणारा तांदूळ घेतात.

खरा धोका इथेच असतो. शिजलेला भात उन्हाळ्यात तासन् तास उघड्यावर राहिला, तर त्यात वाढणारे काही जिवाणू विष तयार करतात. ते विष नंतर जाळावर परतूनही जात नाही आणि त्याला वास येईलच असंही नाही. म्हणून भट्टी पेटल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत जेवून घ्यावं. रात्री अकराला, शटर ओढता ओढता राईस मागवू नये. त्या वेळी सूप बरं.

नूडल्स उकळून, गार पाण्याखाली धरून, वर तेल चोळून ठेवतात. चायनीज भेळेत कुरकुरीत लागतात त्याही याच, फक्त कॉर्नफ्लॉवर लावून तळलेल्या.

मंचुरियनच्या गोळ्यांत किसलेला कोबी, गाजर, मैदा आणि कॉर्नफ्लॉवर असतं. कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं. ते पिळून काढलं तर मैदा थोडा पुरतो. आळस केला तर पीठ सैल होतं आणि आचारी मूठमूठ मैदा वाढवत जातो. गोळा मधून तोडून बघावा. आत कोबीचे हिरवट तंतू दिसले तर काम नीट झालंय. सलग पांढरा दिसला, तर आपण मैद्याचे पैसे मोजलेत.

ऑर्डर कशी द्यावी

पहिल्यांदा जाताना चौघांसाठी एवढं पुरतं: दोन सूप चौघांत, एक मंचुरियन ड्राय, एक राईस आणि एक हक्का नूडल्स. ड्राय म्हणजे रस्सा नसलेलं. 'फुल' प्लेट साधारण दोघांना होते, 'हाफ' एकाला. पण प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं असतं, म्हणून "फुलमध्ये किती जण खातील?" असं सरळ विचारावं.

'ट्रिपल' या शब्दाशी मात्र जपून. त्यात शेजवान राईस, नूडल्स आणि रस्सा असं तिन्ही एकत्र येतं, वर तळलेल्या नूडल्स. एकदा आम्ही आठ जण एका गाडीवर गेलो आणि नावावरून काहीच अंदाज न आल्यानं पाच ट्रिपल मागवले. दोन संपले. उरलेले तीन पिशवीत बांधून नेताना पोरांनी आमच्याकडे जसं बघितलं, ते अजून विसरलेलो नाही.

शाकाहारी असाल किंवा उपवास-वार पाळत असाल, तर तीन प्रश्न आधीच विचारावेत. व्हेजची कढई वेगळी आहे का? तळणीचं तेल वेगळं आहे का? सूपमध्ये चिकनचं पाणी घालता का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. व्हेज मंचाव सूप बाकी सगळ्या बाजूंनी व्हेज असूनही तिथेच चुकू शकतं.

अजिनोमोटो नको असेल तर तेही आत्ताच सांगावं. कढईत तो शेवटी पडतो, त्यामुळे वगळणं सोपं असतं. जपानमधले शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळातून शोधलेल्या चवीची ही पांढरी पूड. तीच चव देणारा घटक पिकलेल्या टोमॅटोत निसर्गतःच असतो, म्हणजे नारायणगावकर तो क्रेटनं विकत आलेत. बहुतेकांना थोड्या प्रमाणात त्याचा त्रास होत नाही. रक्तदाब असेल तर जास्त काळजी सोया सॉसची करावी, कारण त्यात मीठ बरंच असतं. "सोया कमी, वरून मीठ नको" एवढं सांगितलं तरी पुरतं.

जाळावरची तीन मिनिटं

आता भट्टीकडे बघत बसावं. आच इतकी मोठी असते की तिचा घोंघाट ऐकू येतो. कढई धुरावली की तेल पडतं, लगेच लसूण-आलं, मग कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची. भाजी तीस-चाळीस सेकंदच परततात. तिचा कच्चा करकरीतपणा टिकायला हवा.

मग भात, आणि सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडलेला. तो चर्र करून किंचित करपतो आणि चायनीजचा म्हणून जो धुरकट वास आपण ओळखतो, तो तिथे तयार होतो. घरच्या गॅसवर केलेल्या राईसला तो वास येत नाही, कारण तेवढी आच घरी नसते.

पाच प्लेटा एकदम टाकल्या की हीच आच कमी पडते. कढई गार होते, भाजी पाणी सोडते आणि राईस परतला जाण्याऐवजी वाफवला जातो. गर्दीच्या वेळी म्हणूनच सगळं एका दमात मागवू नये. आधी सूप आणि ड्राय, ते संपत आलं की राईस-नूडल्स. वेटर घाई करेल, आपण करू नये.

प्लेट समोर आल्यावर

आधी रंग बघावा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो. मिसळीच्या कटासारखा तो तेलावर तरंगताना दिसतो. बाटलीतले बहुतेक कृत्रिम खाद्यरंग पाण्यात विरघळतात. म्हणून पदार्थ भडक लाल असूनही तिखट नसेल आणि बोटं धुतली तरी गुलाबी राहत असतील, तर रंग मिरचीचा नाही असं धरावं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. "रंग न घालता करा" असं सांगितलं तर चवीत काडीचाही फरक पडत नाही.

ड्राय मंचुरियन आलं की गप्पा बाजूला ठेवाव्यात. पाच-सात मिनिटांत गोळे सॉस पितात आणि मऊ पडतात. सूपमध्ये तळलेल्या नूडल्सही चमचा-चमचा घालाव्यात. सगळ्या एकदम ओतल्या की त्यांचा लगदा होतो.

पार्सल नेताना

ग्रेव्ही आणि गोळे वेगवेगळे बांधायला सांगावं. घरी ग्रेव्ही उकळायची आणि वाढताना गोळे सोडायचे. जवळच्या वारूळवाडी किंवा खोडदपर्यंत जायचं असलं तरी एवढं करावंच. एकत्र बांधलेलं मंचुरियन घरी पोहोचेपर्यंत पिठलं झालेलं असतं.

पिशवी घरी पोहोचली की तासाभरात खाऊन टाकावं. उरलेला राईस लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून. ओट्यावर रात्रभर राहिलेला राईस सकाळी कितीही चांगला दिसला, तरी त्याची फोडणी करायला जाऊ नये. शिळ्या भाताची आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण हा भात आपल्या हाती आला तेव्हाच अर्ध्या दिवसाचा झालेला असतो.