गळ कधी टाकावा, कधी गुंडाळावा

होळी झाली की आमच्या पुणतांब्याला गोदावरीचे पाणी उतरू लागते. पावसाळ्यात घाट चढून येणारी नदी फाल्गुन-चैत्रात डोहांत आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात जाऊन बसते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले तर चार दिवस वाहते, नाहीतर एकेक डोह वेगळा पडतो. गळ टाकणाऱ्यांचा हा आवडता मोसम. चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, २०१७ च्या शेतकरी संपामुळेही ठाऊक झाले. पण नदीकाठच्या या मोसमाविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आज थोडे त्याविषयी.

मराठीत गळ हा शब्द तसा बदनाम आहे. 'गळाला लागला' म्हणजे फसला, 'गळ घातली' म्हणजे नको इतका आग्रह धरला. आम्ही कवीही गळ म्हटले की कपटच आठवतो. प्रत्यक्षात गळाचे साहित्य अगदी साधे. बांबूची लवचिक काठी, तंगूस, शिशाची गोळी आणि लोखंडी आकडा. पाण्यावर मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगा. आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी. कोकणात या आकड्याला गरी म्हणतात, आणि तिथली माणसे खडकावर बसून मासे गरवतात.

फाल्गुनातच मासा गळाला का लागतो, याला कारण आहे. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार असते तेव्हा त्याचे शरीर मंदावते, भूक कमी होते. ऊन चढले, पाणी कोमट झाले की भूक परत येते. त्यात पाणी आटलेले, त्यामुळे मासे थोड्या जागेत गोळा झालेले. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, तिचा बुडबुडा दिसतो. वाम खडकाच्या कपारीत असते. कटला, रोहू खोल पाण्यात. अब्बांनी मला लहानपणी सांगितले होते, तरंगा हलला की घाई करू नकोस, तो बुडाला की ओढ. मासा आधी आमिष चाखून बघतो.

हेच गणित हजारो मैलांवर खाऱ्या पाण्यातही चालते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर टॉटॉग नावाचा मासा आहे. काळपट, जाड ओठांचा, समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणारा. त्याचे दात इतके भक्कम की शिंपले आणि खेकडे तो फोडून खातो. हिवाळ्यात तो खोल पाण्यात जाऊन जवळजवळ निपचित पडतो. वसंताच्या सुरुवातीला पाणी सुमारे दहा अंश सेल्सियसच्या आसपास आले की किनाऱ्याजवळच्या खडकांत परततो. तेव्हा तिथले कप्तान भाड्याने बोटी काढतात. हौशी लोक पैसे भरून चढतात, खडकावर बोट नांगरतात आणि खेकड्याचा तुकडा लावून गळ सोडतात. आधी हाताला टकटक जाणवते, मग ओढ. तेवढ्यात वर खेचला नाही तर मासा कपारीत शिरतो आणि दोर तुटतो. आमच्या वामीचीही हीच खोड.

पण हा मासा फार सावकाश वाढतो. अंडी घालण्याजोगा व्हायलाच तीन-चार वर्षे लागतात आणि तीस वर्षांहून अधिक जगतो. असा मासा एका खडकावरून उपसला की ती जागा लवकर भरून येत नाही. टॉटॉगची संख्या घटली, तेव्हा तिथल्या किनारी राज्यांनी १९९६ साली मिळून त्याच्यासाठी योजना आखली आणि २०१७ साली ती प्रदेशवार नव्याने बांधली. ऱ्होड आयलंड राज्यातले अलीकडच्या वर्षांतले नियम पाहा. एप्रिल आणि मे महिन्यांत माणशी रोज तीनच मासे. सोळा इंचांहून लहान मासा परत पाण्यात. एकवीस इंचांहून मोठा फक्त एक, कारण मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. आणि १ जून ते ३१ जुलै हा मासा धरणे पूर्ण बंद, कारण तो त्याच्या विणीचा काळ.

या तारखा ओळखीच्या वाटल्या ना? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते तीही १ जून ते ३१ जुलै. दोन वेगळ्या समुद्रांवरची माणसे एकाच तारखांवर येऊन ठेपली आहेत. महाराष्ट्राने २०२३ साली समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला.

आता नदीकडे वळू. आपले कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यात विणतात. चैत्रापासून त्यांच्या पोटात अंडी भरू लागतात. पहिला जोराचा पाऊस झाला की ते प्रवाहाविरुद्ध वर निघतात. हेच ते चढणीचे मासे. लोक मोठ्या आवडीने ते पकडतात, कारण अंडीभरला मासा चवदार लागतो. पण अशी एक मादी म्हणजे लाखभर अंडी. मरळीची गोष्ट आणखी वेगळी. ती पिल्लांची राखण करते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा हलताना दिसला की समजावे, खाली आई-बाप आहेत. जाणकार गळवाला नेमका तिथेच बेडूक लावून गळ टाकतो, कारण राखण करणारी मरळ चवताळून झडप घालते. तिला काढली की तासाभरात इतर मासे त्या थव्याचा फडशा पाडतात. मासा एक मिळाला, पण कितीतरी गेले.

म्हणून मला गळ हे सर्वांत न्यायाचे साधन वाटते. डोहात जिलेटिन फोडले की बोटभर पिल्लूही मरते. विजेच्या तारेचे आणि ब्लीचिंग पावडरीचेही तेच. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके आणि विष वापरायला बंदी घातली होती, तरी उन्हाळ्यात आटलेल्या डोहांवर हे प्रकार घडतात. गळाला मात्र एका वेळी एकच मासा येतो, आणि तो जिवंत हातात येतो. ठेवायचा की सोडायचा, हे ठरवायला तेवढा वेळ मिळतो.

सोडायचा तर नीट सोडावा. आकड्याचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला तर तो सहज निघतो. हात ओले करून मासा धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग लागतो. कल्ल्यांना बोट लावू नये. आकडा घशात गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापावे. पाण्यात धरून ठेवावा, तो स्वतःच्या बळाने निसटेपर्यंत. याला अपवाद परके मासे. चिलापी बाहेरून आलेली आणि भराभर वाढणारी. थाई मांगूर तर इतरांना खाणारा, त्याच्या पैदाशीवर देशात २००० साली बंदी आली. हे पुन्हा नदीत सोडू नयेत.

आपल्याकडे याची जुनी रीत आहे. महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महाशीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही, आणि मासे निर्धास्त फिरतात. प्रत्येक डोह देवाला वाहता येणार नाही, वाहावा असेही नाही. ज्यांचे पोट नदीवर आहे त्या भोई बांधवांना मासे धरावेच लागतात. पण आपण हौसेचे लोक. आपण फाल्गुन-चैत्रात खुशाल बसावे, घरापुरते दोन-तीन मासे न्यावेत, वीतभर मासा सोडून द्यावा. मृग लागायच्या आत काठी माळ्यावर टाकावी आणि श्रावण सरेपर्यंत तिला हात लावू नये.

नदीकाठी कोणी पट्टी घेऊन मासे मोजायला बसलेले नसते. तिथे आपला नियम आपणच पाळायचा. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपल्याकडे म्हणतात. काठावर राहणाऱ्यांनीही ते करू नये.